गाईला आरती, गोठ्याला पाठ

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली होती. मी त्यांना गोठा पाठवीत आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे शेणामुताचा विषय काढणे हे सुगृहिणीचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळीचा पहिला दिवा आपण लावतो तो कुणासाठी? वसुबारसेला, गाय-वासरासाठी. ज्या सणाचे दारच गोठ्यातून उघडते, त्या सणाच्या अंकात गोठ्याने चार पाने मागितली तर त्याला हुसकून देण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही. तोंडात चकलीचा तुकडा असेल तर तेवढा आधी गिळून घ्यावा आणि मग पुढे वाचावे.

माझी योग्यता मी आधीच सांगून टाकते, म्हणजे ती शोधून काढण्याचे श्रम कुणाला पडायला नकोत. मी मॅट्रिक, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. कॉलेजची पायरी चढले नाही. कृष्णाकाठच्या एका गावी खाजगी शाळेतल्या खालच्या वर्गांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पशुवैद्यकाचा माझा अभ्यास नाही. परंतु माहेरच्या आणि सासरच्या दावणीला मिळून जी जनावरे मी पाहिली, त्यांचे शेण मी स्वतःच्या हातांनी उचलले आहे. ज्यांनी बोलायला हवे ते बोलत नाहीत, म्हणून वासरात लंगडी गाय शहाणी या न्यायाने मी बोलते आहे.

आणखी एक कबुलीही देते. माझ्या पहिल्या कादंबरीत गोठ्याचे एक वर्णन आहे. तिन्हीसांजेची वेळ, चुलीच्या धुराची निळी रेघ, गळ्यातल्या घंटांचा नाद, कासंडीत पडणाऱ्या धारेचा आवाज. पुष्कळ वाचकांनी पत्रे पाठवून त्या पानाचे कौतुक केले. ते पान मी ज्या गोठ्याकडे पाहत लिहिले, त्या गोठ्यात त्या दिवशी घोट्याएवढा राडा होता, गाईच्या मांड्यांवर शेणाची खपली धरली होती आणि वासराच्या कानात गोचिडांची माळ लागली होती. हे सारे मला दिसत होते. मी ते वाक्यागणिक टाळत गेले. खोटे एक अक्षर लिहिले नाही, आणि तरी ते सबंध पान खोटे आहे. आजचा हा लेख म्हणजे त्या पानाची उशिरा केलेली दुरुस्ती आहे असे समजावे.

वसुबारसेच्या संध्याकाळी कोणत्याही खेड्यात जाऊन पाहा. गाईला न्हाऊ घातलेले असते. शिंगे रंगवलेली, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर झूल. सुवासिनी तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, निरांजनाने ओवाळतात. त्या दिवशी गाईचे दूधतूप खायचे नाही, ते वासराचे, असा नेम. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडायचा. किती सुंदर रीत! मीही दरवर्षी करते आणि यंदाही करणार आहे. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे काय? ही पूजा गोठ्यात होत नाही. गाय अंगणात आणतात. का? गोठ्यात पाट मांडायला कोरडी जागा नसते, आणि जरीकाठाचे लुगडे भरेल अशी भीती असते! जिथे आपण आरतीपुरती पाच मिनिटे उभ्या राहू शकत नाही, तिथे त्या तेहतीस कोटी देवांना पोटात घेऊन गाय वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उभी असते, तिथेच बसते, तिथेच विते. आपण देवळाचा कळस घासतो आणि गाभाऱ्यात उकिरडा ठेवतो.

एकदा मी वर्गात मुलांना चित्र काढायला सांगितले होते. विषय ‘आमचा गोठा’. तीसएक चित्रे आली. बहुतेकांत गाय पांढरीशुभ्र, गळ्यात माळ, खाली हिरवे गवत. एका मुलीने मात्र गाय काढलीच नव्हती. तिने काढली होती पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई, आणि तिचे पाय पिंढरीपर्यंत तपकिरी रंगात बुडवले होते. मी विचारले, “अगं, गाय कुठे आहे?” ती म्हणाली, “बाई, गाय मागं हाय. आधी आई शेण काढतीया.” सात वर्षांच्या त्या पोरीने माझ्या सबंध कादंबरीला उत्तर दिले. मी तिला दहापैकी दहा गुण दिले, आणि घरी येऊन बराच वेळ काही लिहू शकले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते.

२०१७ सालच्या पावसाळ्यात माझ्या माहेरची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती. घरात दादा नव्हता. माझ्या वहिनीने पदर खोचला आणि जे सगळ्या बायका करतात तेच केले. उघड्या हातांनी वार ओढून काढली. मेलेले वासरू आणि ती वार तिने गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकली. रात्री कुत्र्यांनी त्यातला काही भाग गल्लीभर फिरवला. वहिनीने हात नुसत्या पाण्याने धुतले, पदराला पुसले आणि भाकऱ्या थापायला बसली.

तीनएक आठवड्यांनी तिला ताप आला. दुपारपर्यंत बरी असायची, संध्याकाळी अंग तापायचे, रात्री घामाने अंथरूण भिजायचे. कंबर आणि सांधे असे धरायचे की पन्नाशीची बाई वाटावी. तेव्हा ती अवघी तेहतीस वर्षांची होती. एका डॉक्टरांनी हिवतापाचे औषध दिले, दुसऱ्यांनी विषमज्वराचे. तिसऱ्यांनी “मनाचे आहे, आराम करा” असे सांगितले. शेतकऱ्याच्या बायकोला आराम करा! सासूबाईंनी दृष्ट काढली. असे चार महिने गेले. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका तरुण डॉक्टरांनी आजवर कुणी न विचारलेला एक प्रश्न विचारला, “वहिनी, घरी जनावरं आहेत का? इतक्यात कुठली गाय गाभडली होती का?” रक्त तपासले. रोगाचे नाव ब्रुसेलोसिस निघाले. जनावरांच्या बाबतीत त्यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणतात. सहा आठवडे दोन औषधे नेमाने घेतल्यावर ताप उतरला. कंबर मात्र अजून पावसाळ्यात दुखते. त्याच हंगामात गोठ्यातल्या आणखी दोन गाई गाभडल्या.

चार महिने एका बाईला झिजवायला कारण काय झाले? एक साबणाची वडी, हातमोज्यांचा एक जोड आणि कमरेएवढा खड्डा. एवढ्या तीन वस्तू त्या दिवशी आमच्या घरात नव्हत्या. साबण होता म्हणा, पण तो अंघोळीचा. गोठ्यात साबण नेणे हा आमच्याकडे वेडेपणा समजतात!

हा रोग काही काल जन्मला नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रजांची फौज होती आणि तिथे शिपायांना असाच येता-जाता ताप येऊन ते महिनेन्‌महिने खितपत पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून या तापाचा जंतू शोधून काढला. पण तो जंतू माणसात येतो कोठून, हे आणखी अठरा वर्षे कुणाला उमगले नाही. बेटावर शेळ्यांचे कळप दारोदार हिंडवीत आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून दूध देत. ताजे, निर्भेळ, डोळ्यांदेखत काढलेले! १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टराने त्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि रोग त्यांच्यातच सापडला. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, चरत होत्या, भरपूर दूध देत होत्या. १९०६ साली लष्कराने शिपायांचे शेळीचे दूध बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरचे साधे लोक मात्र कच्चे दूध पीत राहिले आणि आजारी पडत राहिले.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला माल्टा आठवले नाही, आमचा मुलूख आठवला. कोल्हापूरला म्हशी चौकात आणून समोर धार काढायची आणि फेसाळता पेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही जुनी आणि मोठी रसिक रीत आहे. धारोष्ण दूध म्हणजे बळ, असे आमचे पैलवान मानतात. दूध आहेच बळ देणारे. पण ‘समोर काढले’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. समोर काढल्याने पाणी घातलेले नाही एवढेच सिद्ध होते. म्हशीच्या रक्तात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्या आयाबायांनी दूध तापवून ठेवण्याची जी सवय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिने या देशातली किती माणसे वाचवली असतील याचा हिशेब कुणी केला नाही. दुधाला उकळी येईपर्यंत चुलीपाशी उभी राहणारी बाई अडाणी, आणि धारोष्णाचे गोडवे गाणारे पुरुष जाणते! या वाटणीबद्दल मला काही बोलायचे नाही. वाचकांनीच हसावे.

या विषयावर मी गावात बोलू लागले तेव्हा जी उत्तरे मिळाली ती आता क्रमाने घेते.

पहिले उत्तर आमच्या शेजारच्या आबांचे. “मास्तरीणबाई, गाय काय जगात पयल्यांदा व्यालीया व्हय? आमच्या बापजाद्यांनी असंच केलं. कोण मेलं?” आबा, पुष्कळ मेले. तुमच्या आजोबांच्या वेळी बुळकांडी आली की दावणीच्या दावणी ओस पडत. त्या रोगावर काम करण्यासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. नंतर लस आली, गावोगावी जनावरांना टोचली गेली. २००६ साली भारत बुळकांडीपासून मुक्त ठरला आणि २०११ साली सबंध जग. आज आमच्या शाळेतल्या एकाही पोराला बुळकांडी हा शब्द ठाऊक नाही. याहून मोठी आनंदाची गोष्ट ती कोणती? बापजाद्यांनी सोसले ते नाइलाजाने सोसले. त्यांचा नाइलाज आपण परंपरा म्हणून का चालवायचा?

दुसरे उत्तर धर्माचे. “गाईचे शेणच मुळी पवित्र. पवित्राने कोण आजारी पडेल?” मी शेणाची वैरीण नाही. माझ्या अंगणात सडा पडतो आणि पाडव्याला दारात शेणाचे पांडवही बसतात. पण उन्हात वाळलेला पातळ सडा निराळा आणि आठवडाभर मुतात कुजलेला राडा निराळा. धनुर्वाताचे बीज शेणामातीत असते. नाळ कापलेल्या जागी शेण-राख लावण्याच्या चालीने या देशात किती बाळंतघरे ओस पडली ते जुन्या सुइणींना विचारा. सुईण शिकली, आयांना लस मिळाली, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली, तेव्हा कुठे २०१५ साली बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जाहीर करता आले. शेणाचे पावित्र्य तेव्हाही होते. पण बाळे वाचली ती स्वच्छतेने.

खरे म्हणजे आपल्याकडे सोवळे फार आणि स्वच्छता थोडी. धूतवस्त्र नेसून स्वयंपाकघरात शिरणाऱ्या घरांत, त्याच स्वयंपाकघरात येणारे दूध कोणत्या हातांनी काढले, हे कधी कुणी विचारले आहे काय? धार काढणाऱ्याने तंबाखू मळली, त्याच बोटांना दुधाचा ओलावा लावला आणि सडाला हात घातला. मग त्या दुधाचे दही लावायचे, आणि त्या दह्याला शिवायला मात्र विटाळशीने यायचे नाही! विटाळाचा विचार करण्यात आपण हजार वर्षे घालवली, जंतूंचा विचार करायला दहा मिनिटे नाहीत.

तिसरे उत्तर सुधारलेल्या लोकांचे. तालुक्याजवळ एकाने मोठा गोठा बांधला आहे. सिमेंटची जमीन, पत्र्याचे छप्पर, शिवाय दारात फिनेलचा घमघमाट. ते मला अभिमानाने म्हणाले, “बाई, रोज जंतुनाशक मारतो.” मी खाली पाहिले. शेणावरच मारलेले होते! हे म्हणजे खरकट्या ताटावर रांगोळी घालण्यासारखे आहे. ब्लीचिंग पावडर शेणावर टाकली की तिची सारी शक्ती त्या शेणाशी झुंजण्यातच संपते, खालचा जंतू सुखरूप राहतो. शिवाय फिनेलचा वास दुधाला लागतो तो निराळाच. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. आधी झाडायचे, मग पाण्याने घासून धुवायचे, मग औषध टाकून ते थोडा वेळ राहू द्यायचे, आणि शेवटी जागा पार वाळू द्यायची. या चार पायऱ्यांतली पहिली गाळून जो तिसरीवर उडी मारतो, त्याने पैसा पाण्यात घातला. यातली वाळवण्याची पायरी तर फुकट आहे. ओल, अंधार आणि गारवा मिळाला तर गाभडवणारा जंतू महिनेन्‌महिने जगतो, आणि थेट ऊन लागले तर काही तासांत मरतो. पण आम्ही गोठे बांधतो ते खिडकीशिवाय. सूर्यनारायणाला रोज अर्घ्य द्यायचे आणि गोठ्यात मात्र त्याला येऊ द्यायचे नाही!

चौथे उत्तर पैशाचे, आणि ते एकच उत्तर मी आदराने ऐकते. कारण गरिबाला स्वच्छतेवर व्याख्यान देणे सोपे आहे, त्याच्या घरी पाणी भरायला जाणे कठीण आहे. परंतु मी ज्या गोष्टी मागते आहे त्यांची यादी पाहा. धारेपूर्वी साबणाने हात धुणे. कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करणे. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या वाटीत काळ्या फडक्यावर घेऊन गुठळ्या दिसतात का ते पाहणे. गुठळ्या दिसल्या तर कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तो रोग, सुरू झाला असे समजून ते दूध बाजूला ठेवणे आणि डॉक्टरांना बोलावणे. अंगठा दुमडून सड न चेंगरता पुरी मूठ वापरणे. धार झाल्यावर गाईपुढे वैरण टाकणे, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते, आणि तेवढ्यात ती राड्यात बसली की रोग आत शिरलाच. यात पैसा कुठे आहे? एक सड कायमचा आटला तर गाईची किंमत किती उतरते ते आमच्या बाजारातले शेंबडे पोरही सांगेल. लाळ्या-खुरकताची साथ गावात आली तर दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून धुतलेली जमीन पुसून घ्यावी. तो विषाणू एवढ्याने मरतो. धुण्याचा सोडा! सोन्याची भुकटी नव्हे.

वासराची गोष्ट तर याहून सोपी. जन्मल्याबरोबर नाळेला आयोडीन लावायचे आणि पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजायचा. आईच्या अंगची रोगप्रतिकाराची शक्ती वासराला त्या चिकातूनच मिळते, आणि ती घेण्याचे त्याच्या आतड्यांचे सामर्थ्य एका दिवसात संपते. पण गाय व्याली की आम्हांला आठवतो तो खरवस! वेलदोडे घातलेला खरवस मलाही प्रिय आहे. वासराचे पोट भरून उरेल त्याचा तो जरूर करावा. वसुबारसेला एक दिवस दूध सोडणाऱ्या बायांनो, ती निष्ठा गाय विते त्या दिवशी दाखवा, म्हणजे व्रत सार्थकी लागेल.

२०२२ सालची साथ आपण विसरलेला नाहीत. त्या वर्षी लम्पीने महाराष्ट्रात गाईबैलांच्या अंगभर गाठी उठवल्या, गुरांचे बाजार बंद झाले, आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना टोचत डॉक्टर गावोगाव फिरले. तो रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांनी पसरतो. या माश्या वाढतात कुठे? गोठ्याला लागून असलेल्या उकिरड्यात आणि कुजक्या वैरणीत. पण त्या दिवसांत आमच्या गावच्या लोकांनी उकिरडा हलवला नाही. त्यांनी काय केले? दूध प्यायचे सोडले! लम्पी माणसाला होत नाही. जो रोग माणसाला होत नाही त्याच्या भीतीने दूध ओतून दिले, आणि जो होतो त्याच्या वारेला उघडे हात लावणे चालूच ठेवले. याला भीती म्हणावे की बेफिकिरी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता बायकांच्या बाजूने दोन शब्द. धार बहुधा पुरुष काढतो. डेअरीवर दूध पुरुष घालतो. दहा दिवसांनी बिल पुरुष आणतो. शेण मात्र बाईने काढायचे, मूत बाईने लोटायचे, वार बाईने ओढायची. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण दूध एकाच्या वाट्याला आणि लाथा दुसरीच्या वाट्याला, असा हा संसार आहे. गोठा घाण का राहतो, याचे खरे उत्तर मला येथे दिसते. बिल आणणाऱ्या माणसाचे पाय त्या राड्यात बुडाले असते, तर गोठ्यात फरशी, उतार आणि गटार केव्हाच झाले असते. गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. पुढे ते गावात शिरले की प्रथम खराटा हातात घेत आणि कीर्तन मागाहून करीत. आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्या हातातला खराटा मात्र बायकोच्या हातात देतो.

आणि सरकारला व डेअऱ्यांना काही विचारायचे नाही काय? विचारायचे आहे. गावच्या केंद्रावर दुधाला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफ पाहून. स्वच्छ हातांनी, स्वच्छ गोठ्यात काढलेल्या दुधाला एक रुपया जास्त द्या, आणि पाहा महिन्याभरात गोठे कसे लखलखतात! २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेलोसिस यांच्या निर्मूलनाची योजना आणली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या गर्भपाताची लस एकदाच टोचायची असते. योजना चांगली आहे. पण आपली कालवड त्या वयात टोचून घेण्याचे स्मरण शेतकऱ्याला कुणी द्यायचे? पोरांच्या डोसाची तारीख आमच्या गावात आशाताई दारोदार सांगते. कालवडीची तारीख कोण सांगणार?

येथवर मी दुसऱ्यांना बोलले. लेख येथेच संपवता आला असता. पण मग ते पुन्हा माझ्या कादंबरीच्या पानासारखे झाले असते.

ती पहिली गाय, जिच्यापासून वहिनीला रोग झाला, तिचे पुढे काय झाले? डॉक्टरांनी सांगितले होते की ती दिसायला बरी झाली तरी तिच्यात रोग राहणार, तिला निराळी बांधा, विकू नका. महिनाभर दादाने तिला वेगळी बांधली. मग एका आठवडी बाजाराला नेऊन विकली. गाय देखणी होती. भाव चांगला आला. संध्याकाळी दादाने पैसे आईच्या हातात दिले, त्यातलेच वहिनीच्या औषधाला गेले. मी त्या दिवशी माहेरी होते. साथीच्या रोगाची वर्दी द्यावी, बाधित जनावर बाजारात नेऊ नये, असा २००९ सालचा कायदा आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण हे बरे नव्हे, एवढे कळायला कायदा लागत नाही. मी बोलले नाही. बहीण माहेरी पाहुणी असते, असे मी मनाला सांगितले. ती गाय कुणाच्या गोठ्यात गेली, तिची वार पुढे कुणी ओढली, त्या बाईला कोणत्या डॉक्टरने काय विचारले, यातले मला काहीच माहीत नाही. माल्टाच्या त्या धडधाकट शेळ्यांसारखी ती एखाद्या दारात उभी राहिली असेल, आणि वसुबारसेला तिलाही कुणीतरी ओवाळले असेल.

दादाला मी आज दोष देऊ शकत नाही. घरात आजारीण, वर कर्ज. रोगी जनावर वेगळे ठेवणाऱ्याला भरपाई मिळाली असती, तर त्याने ती गाय विकली नसती असे मला वाटते. म्हणून ही मागणीही येथे नोंदवते. ज्याने गावाच्या भल्यासाठी तोटा सोसायचा, त्याचा तोटा गावाने वाटून घेतला पाहिजे. परंतु माझ्या गप्प बसण्याला भरपाईची वाट पाहण्याची गरज नव्हती. मी बोलायला हवे होते. आठ-दहा जणांपुढे न बोललेले शब्द आज हजारोंपुढे बोलते आहे, त्यातले थोडेसे तरी त्या अनोळखी घरी पोचोत.

माहेरच्या गोठ्यात आता एक खिडकी आहे. खुंट्यांमागे उतार काढून गटार केले आहे. उकिरडा पन्नास पावले लांब नेला आहे. खुंटीला हातमोज्यांचा जोड आणि दोरीत ओवलेली साबणाची वडी टांगलेली असते. आणि दर रविवारी शेण दादा काढतो. पहिल्या रविवारी गल्लीतली माणसे बघायला जमली होती. आता जमत नाहीत.

दोन-तीन दिवसांनी लक्ष्मीपूजन येईल. त्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू लावतो, तिलाच लक्ष्मी म्हणतो. आपल्या पूर्वजांना हे सुचले, याचे मला फार कौतुक वाटते. यंदा बाजारातून दोन आणाव्या. एक देव्हाऱ्यापाशी ठेवावी. दुसरीला कुंकू नसले तरी चालेल. ती गोठ्यात न्यावी, आणि घरातल्या पुरुषाच्या हातात द्यावी.